पालथा पेला

काचेपलीकडे संग्राम चौगुले कढई घासत होता आणि काचेअलीकडे त्याची बायको ते बघत दात आवळून उभी होती.

स्वयंपाकघर खरं नव्हतं. अंतराळ संस्थेच्या प्रयोगशाळेत, एका हॉलच्या मधोमध, चौगुल्यांच्या कोल्हापूरच्या घरातला ओटा मापात माप घेऊन उभा केला होता. तसंच सिंक, तसाच गळका नळ, तशीच भांड्यांची जाळी. संग्रामच्या हातांत कोपरापर्यंत करडे मोजे होते आणि त्याच्या बोटांची प्रत्येक हालचाल कुठेतरी नोंदली जात होती.

"घासणी फिरवता फिरवता ते मध्येच का थांबतात हो?" डॉ. शबनम मुजावर यांनी विचारलं. हे सगळं यंत्र त्यांच्या डोक्यातून निघालेलं होतं.

"कढई निघाली असं त्याला वाटतं म्हणून," रेवती म्हणाली. "तळाला बघा. अजून हळद आहे."

"असू दे. मला स्वच्छ कढई नकोय, मला संग्राम हवेत."

रेवतीला हसू आलं. इतक्या सरळपणे कुणी संग्राम मागितलेला तिनं पहिल्यांदाच ऐकला.

मंगळावर जाणाऱ्या प्रत्येकानं दिवसातला एक तास आपल्या घरच्या कामाला द्यायचा, असा संस्थेचा नियम होता. आधीच्या तुकडीतली माणसं परत आली तेव्हा त्यांच्या घरांनी त्यांच्यावाचून जगायला शिकून घेतलं होतं. कुणाला बसायला खुर्ची सापडेना, कुणाला चहाचा डबा. दोघं-तिघं तर पुन्हा मंगळावर पाठवा म्हणून अर्ज करून बसले. तेव्हापासून हा नियम निघाला, आणि नियमापाठोपाठ दूरहस्त.

"पण मॅडम, मंगळ म्हणजे काय शेजारची गल्ली नाही," रेवती म्हणाली. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ती तपासणी विभागाची प्रमुख होती आणि यंत्राला प्रश्न विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "नुसता संदेश जायलाच दहा-पंधरा मिनिटं. त्याला तिथे दिसणार ते इथे कधीच होऊन गेलेलं. तो पेला उचलायला हात पुढे करणार, आणि तो हात इथे पोचेपर्यंत मी त्या पेल्यातून पाणी पिऊन झोपायला गेलेली."

"म्हणून तर अदमासक." मुजावर मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकल्या. "दूरहस्त म्हणजे नुसते दोन हात. त्यांना हलवतो तो अदमासक. संग्राम आत्ता इथे असते तर काय करते, याचा तो अंदाज बांधतो आणि तसे हात हलवतो. मग काही वेळानं मंगळावरून संग्रामची खरी हालचाल येते. दोन्ही ताडून बघायच्या. फरक निघाला, की तेवढा तो स्वतःला दुरुस्त करतो."

"आणि संग्रामला तिकडे काय दिसतं?"

"इथलं चित्र. ओटा, भांडी, हात काय करतायत ते. मोज्यांतून भांड्याचं वजन कळेल, पाण्याचा गारवा कळेल. आवाज मात्र नाही. एवढ्या लांबून सगळं आणता येत नाही, काहीतरी सोडावं लागतं. दूरहस्ताला आम्ही कान दिलेले नाहीत."

"चालेल. कान असलेल्याकडूनही मला फारशी अपेक्षा नव्हती."

मुजावर मॅडम खुदकन हसल्या. रेवतीनं पुढचा प्रश्न काढलाच. "समजा अंदाज चुकला, आणि ती चूक संग्रामलाही तिथून दिसली नाही. मग?"

"मग त्या भांड्याचं पुढे काय होतं त्यावरून कळतं. भांडं जाळीत ठेवलं की काम संपलं, असं अदमासक मानत नाही. तो बघत राहतो. तो माणसाकडून शिकत नाही, रेवतीताई. चुकीकडून शिकतो. चूक जिकडून कळेल तिकडून."

हे रेवतीला लगेच पटलं. तिचा धंदाच तो. साच्यातून निघालेला नग ती टांगायची, छोट्या हातोडीनं एक टोला द्यायची आणि कान लावायची. निरोगी लोखंड घंटेसारखं वाजतं. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. मग खडूनं फुली मारायची आणि नग परत पाठवायचा. फुली मारलेला नग कारखान्याबाहेर पडायला मालकाचीसुद्धा परवानगी चालत नसे.

घरी मात्र तिच्या हातात कधी खडू नसायचा. संग्रामनं घासलेली कढई, तो खोलीबाहेर गेला की, ती गुपचूप पुन्हा घासायची. त्यानं वाळत घातलेले कपडे झटकून पुन्हा घालायची. त्यानं पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. सांगत बसण्यापेक्षा करून टाकणं लवकर व्हायचं. संग्राम कामाला नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो नाही कधी म्हणायचाच नाही. "बोल, काय करू?" म्हणून हसत उभा राहायचा. मग तिनंच आठवायचं, तिनंच सांगायचं आणि शेवटी तिनंच पुन्हा करायचं.

आणि ते पेले. लग्न झाल्या झाल्या तिनं त्याला एकदा सांगितलं होतं, "पेले पालथे ठेव, धूळ बसते." तो म्हणाला होता, "पालथ्या पेल्याला नुसती फळी दिसते गं. उताण्याला छत तरी दिसतं." तेव्हा ती पोट धरून हसली होती. पुढे पुढे ती न हसता पेले पालथे घालू लागली.

आपण वेगळं राहू या, एवढं एक वाक्य तिनं मनात तयार करून ठेवलं होतं. ते बोलायचं त्या आठवड्यातच त्याची निवड झाली. मंगळावर निघालेल्या माणसाला असलं काही सांगतात का? परत आला की सांगू, असं तिनं ठरवलं, आणि त्याच्या बॅगेत लसणाची चटणी भरली. संस्थेनं ती काढून घेतली.

दूरहस्त घरी आले. ओट्याच्या वर एक रूळ बसवला होता, त्यावरून ते सरकत. करडे, बिनखांद्यांचे, मनगटाशी थोडे जाड. संध्याकाळी ठरल्या वेळी त्यांच्यावर हिरवा दिवा लागला, हात जागे झाले, नळ सोडला आणि सकाळचे पेले विसळून एकेक करून जाळीत ठेवले. सगळे उताणे.

"अरे देवा," रेवती म्हणाली, आणि हसत हसत खुर्चीत बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तो गेल्यापासून घरात एवढं त्याच्यासारखं काही घडलं नव्हतं.

दिवा विझल्यावर ती उठली आणि तिनं पेले पालथे घातले.

पहिले काही महिने तसेच गेले. हात काम करत, दिवा विझे, मग ती उठून पुन्हा करे. संग्रामचे निरोप येत. तिकडची तांबडी धूळ, कुणाचं घोरणं, आज डबाबंद पालक, उद्याही डबाबंद पालक. ती फाउंड्रीतल्या गमती पाठवायची. निरोपाला निरोप भिडेपर्यंत दोघांचाही मूड बदललेला असे, त्यामुळे भांडण असं कधी जमलंच नाही.

मग हळूहळू कढईचा तळ निघू लागला. नळाभोवतीचं पाणी कुणीतरी टिपू लागलं. फडकं नुसतं पिळून न टाकता झटकून, दोन्ही कोपरे जुळवून वाळत पडू लागलं. एका संध्याकाळी रेवती कामावरून आली, दिवा विझलेलाच होता, आणि जाळीत सगळे पेले पालथे होते.

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांनी. न सांगता.

गडहिंग्लजहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा तिनं त्यांनाही सांगितलं.

"काय सांगतीस!" सासूबाई म्हणाल्या. "इथं असताना स्वतःचं ताट कधी उचललं नाही, आणि मंगळावर जाऊन भांडी घासायला शिकला व्हय? एवढ्या लांब पाठवायला लागतंय हे आधी कळतं, तर मीच लग्नाआधी पाठवला असता गं तुझ्यासाठी."

आता ती हातांच्या वेळेला घरी यायची. खुर्ची ओट्याजवळ ओढून बसायची. हात तिच्यासाठी चहा टाकू लागले. आलं ठेचलेलं, साखर तिच्या हिशेबाची, कपाचा कान तिच्या उजव्या हाताला येईल असा वळवलेला. कप समोर आला की ती बोलायची. कान नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच सोपं जायचं. नव्या मॅनेजरबद्दल बोलली. मूल नको हे दोघांतलं आधी कोण म्हणालं, याबद्दल बोलली. आणि मग एकदा त्या तयार ठेवलेल्या वाक्याबद्दलही बोलली. उजवा हात तेव्हा चमचे पुसत होता. त्यानं शेवटचा चमचा पुसला, फडक्याची घडी घातली आणि तो तिच्या पुढ्यातच शांत पडून राहिला. जरा वेळानं रेवतीनं त्याच्यावर आपला हात ठेवला. तो गार होता, पण हलला नाही.

त्याच रात्रीच्या निरोपात ती म्हणाली, "तू आलास की तुला एक गोष्ट सांगायची होती. आता नाही सांगणार. तू ये."

उलट निरोप आला. त्यात आधी नेहमीचा डबाबंद पालक होता. मग, "बरं. येतो."

संग्रामच्या परतीचं यान निघायच्या बेतात होतं, तेव्हाची गोष्ट. बिडाची जुनी कढई घासून झाली. उजव्या हातानं ती उचलली, डाव्या हाताच्या बोटाच्या पेरानं तिच्या काठावर टक् केलं, आणि दोन्ही हात क्षणभर थबकले. मग कढई जाळीत गेली.

रेवतीचा कप ओठांपाशीच राहिला.

ती टिचकी तिची होती. फाउंड्रीतली खोड. घरची भांडीसुद्धा ठेवण्याआधी ती पेरानं वाजवून बघायची. कधीपासून, ते तिलाही आठवत नव्हतं. पण संग्रामनं ती कधी पाहिली असणं शक्य नव्हतं, कारण तो खोलीत असताना ती भांड्यांना हात लावत नसे. आणि टिचकीपेक्षा ते थबकणं. ती थबकायची आवाज ऐकायला. या हातांना कान नव्हते. मग ते कशासाठी थांबले?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती प्रयोगशाळेत गेली.

मुजावर मॅडमनी पडद्यावर एक आलेख काढला. सुरुवातीला उंच असलेली रेघ उतरत उतरत जमिनीला लागली होती. "हा फरक. अदमासकाची हालचाल आणि संग्रामची खरी हालचाल यांतला. पहिल्या वर्षातच जवळजवळ शून्यावर आला. बाकी कुठल्याही घरी एवढं जमलं नाही. तुमचा अदमासक हुबेहूब संग्राम झालाय, असं आम्ही छापलंसुद्धा."

"किंवा संग्राम हुबेहूब अदमासक झालाय," रेवती म्हणाली.

मुजावर मॅडम गर्रकन वळल्या. पडद्याकडे बघू लागल्या. आणि दोघी मिळून, एकीचं वाक्य दुसरीनं पुरं करत, उलगडत गेल्या.

"त्यांना चित्रात हात आधीच काम करताना दिसतात..."

"...आणि समोर हात हलताना दिसला की आपला हात त्याच्या मागोमाग जातो. कोण मुद्दाम वेगळं करणार?"

"म्हणजे त्यांच्याकडून चूक कळणं बंद झालं. पण अदमासक तर शिकतच राहिला. वर्षभर, दोन वर्षं. मग त्याला चूक कळत होती कुठून?" मॅडमनी तिच्याकडे वळून पाहिलं. "रेवतीताई, दिवा विझल्यावर भांड्यांना कुणी हात लावत होतं?"

रेवतीनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"घरात आणखी कुणी असतं?"

"नाही."

"मग चूक त्याला तुमच्याकडून कळत होती. ते हात तुमचे आहेत," मुजावर मॅडम हळूच म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी, दुसरं काय करणार, चहा मागवला. त्यात साखर जास्त होती.

त्या संध्याकाळी हिरवा दिवा लागला तेव्हा रेवती दारातच उभी राहिली. हातांतल्या त्या दुसऱ्या रेवतीनं तिच्यासाठी चहा केला. कप तिच्या उजव्या हाताला ठेवला. जिच्यापाशी तिनं सगळं बोलून टाकलं होतं, जिनं न सांगता सगळं ओळखलं होतं, ती हीच, ती स्वतःच. निदान आतापासून काही सुधारायचं नाही, असं तिनं ठरवलं. संग्रामच्या बाजूनं काही येतंय का बघू. पण दिवसामागून दिवस गेले आणि काही चुकलंच नाही. चुकायला तिथे कुणी उरलं नव्हतं. चीर असलेला नग ती परत पाठवायची तेव्हा तो वितळून पुन्हा साच्यात तरी जायचा. घरातला नग तिनं नुसता घासत नेला, घासत नेला, तो संपेपर्यंत.

संग्राम आला तेव्हा बारीक झाला होता आणि जमिनीवर जपून पावलं टाकत होता. संस्थेची माणसं रूळ आणि हात काढून घेऊन गेली. सासूबाई चार दिवस राहून, लेकाला पोटभर खायला घालून, गडहिंग्लजला परतल्या. मग घरात दोघंच राहिली.

जेवणं झाल्यावर तो आपणहून उठला. रेवतीला वाटलं, आता विचारेल, बोल, काय करू? त्यानं विचारलं नाही. नळ सोडला. कढई घासली, तळापर्यंत. काठावर पेरानं टक् केलं आणि थबकला. पेले विसळून पालथे घातले. फडकं झटकलं आणि कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"तुला माहीत होतं," रेवती म्हणाली.

तो पाठमोराच राहिला. "पहिल्यांदा वाटलं यंत्र बिघडलं. माझे हात असले कुठले? मग ते फडकं झटकताना दिसलं आणि ओळखलं. म्हटलं, ही तर आमची रेवा."

"आणि?"

"आणि मग मी हात ढिले सोडले." तो वळला. "तिकडे दुसरं काय होतं गं? धूळ आणि पालक. रोज एक तास तुझे हात धरून बसायचो. तेवढ्यावर निघालं सगळं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

हे खरं होतं. तिच्या मनात आलं, काय गंमत आहे. दोन माणसं दोन ग्रहांवर रोज संध्याकाळी तासभर एकत्र बसली होती, आणि त्यात तो तिच्यापाशी होता, तीही स्वतःपाशीच होती. त्याच्यापाशी कुणीच नव्हतं.

"मी त्या हातांशी बोलायचे," ती म्हणाली.

"तुझे ओठ हलताना दिसायचे मधूनमधून. मला वाटायचं, गाणं म्हणतेस."

तिला ते सगळं पुन्हा, कान असलेल्या माणसाला, सांगावंसं वाटलं. पण त्याआधी तिला एक बघायचं होतं. तिनं जाळीतला एक पेला त्याच्या हातात दिला. "ठेव. तुझ्यासारखा ठेव."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"छत दिसेल असा."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग आठवून तो हसला, तेच जुनं हसू, आणि त्यानं पेला जाळीकडे नेला. वाटेत मनगट आपोआप वळलं. पेला पालथा पडला. त्यानं पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि मग दोघांनाही ते बघवेना.

"राहू दे," रेवती म्हणाली. "दमला असशील."

तिनं स्वतःच पेला घेतला आणि जाळीत उताणा ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. दिव्याच्या उजेडात त्याच्या तळाशी छताचा एक पांढरा तुकडा उतरला होता. खरंच दिसत होतं. ती दिवाणखान्याकडे निघाली. आज नाही तर उद्या सांगू, खुर्ची ओट्याजवळ ओढू आणि सांगू, असं मनाशी म्हणत ती उंबऱ्यापर्यंत आली.

मागे जाळीत टक् असा बारीक आवाज झाला.

आवाज ओळखण्यात तिचा हातखंडा होता. तिला मागे वळून बघावं लागलं नाही. ती खोलीबाहेर पडायची वाट बघून, तिला न दुखावता, न बोलता, त्यानं तो पेला पालथा घातला होता.

ती उंबऱ्यात थांबली. हे असं किती वर्षं चालतं, आणि त्यात माणसाचं काय होतं, हे आता या घरात तिच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

"संग्राम," ती मोठ्यानं म्हणाली. "तो पेला मी मुद्दाम तसा ठेवला होता. तुला पटला नसेल तर मला सांग. माझ्या पाठीमागे नको."

आतून नळाचा थेंब पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. तो तीन पावलांवर उभा होता, आणि उत्तर अजून निघालेलं नव्हतं. रेवती पाठमोरीच, कान लावून, वाट बघत राहिली.